साडेसात हजारांचा भोंगा आणि मोडीत निघालेली परात

नमस्कार मावशी,

मी डोंबिवलीत राहते, वय ३२. मार्चमध्ये आम्ही स्वतःचा टू बीएचके घेतला, साडेसहाशे चौरस फुटांचा. घरात मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. भिंती पांढऱ्या, फर्निचर सगळं प्लायवुडचं, आणि सहा महिने झाले तरी घर हॉटेलच्या खोलीसारखं वाटतं. मला जुन्या वस्तूंची पहिल्यापासून ओढ आहे. सत्तर हजार रुपये त्यासाठी बाजूला ठेवलेत. गेल्या महिन्यात चोरबाजारात जाऊन आले आणि डोकं गरगरलं. पितळी भोंग्याचा ग्रामोफोन (साडेसात हजार सांगितले), तांब्याचा बंब, कोरीव लाकडी पेटी, राजा रविवर्म्याची लक्ष्मी, वेताच्या खुर्च्या, पितळी कड्यांचा झोपाळा, सगळंच हवंसं वाटतं. खरं काय आणि खोटं काय ते कळत नाही. नवरा म्हणतो, घरात भंगार आणू नकोस.

आणखी एक. सासूबाईंचं संगमेश्वरजवळचं घर बंद करायचं ठरलंय. दिवाळीआधी ते रिकामं करायचं आणि तिथली भांडीकुंडी मोडीत घालायची, असं त्या म्हणतात. त्यातलं काही मागावंसं वाटतं, पण कसं मागू? त्यांना मी लोभी वाटेन का? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला ‘तू’च म्हणा.

– नव्या घरातली, डोंबिवली

प्रिय मुली,

चोरबाजार कुठे जात नाही. तो पुढच्या महिन्यात असेल, पुढच्या वर्षीही असेल. संगमेश्वरचं घर मात्र दिवाळीपर्यंतच आहे. तेव्हा तुझी यादी आणि सत्तर हजार जरा बाजूला ठेव आणि आधी तिकडे जा. मोडवाल्याच्या टेम्पोआधी तू तिथे पोचायला हवीस, म्हणून बाकीची पत्रं ठेवून तुझं आधी घेतलं आहे.

मोडीचा व्यवहार मी जवळून पाहिला आहे. वाईचं आमचं घर विकलं तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. मोडवाला अंगणात काटा लावून बसला होता. हंडे, कळशा, तपेली, घंगाळ, सगळं पितळ एका भावानं आणि सगळं तांबं एका भावानं. पुरणाच्या स्वयंपाकाला काढायची ती मोठी परात पोत्यात मावेना, तेव्हा त्यानं ती उभी धरली आणि पायानं दाबून दुमडली. परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझ्या आजीचं नाव होतं आणि त्यापुढे तिच्या लग्नाची तारीख. मी तिथेच उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. तो आवाज अजून कानात आहे.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक असेलच. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख. बाजारात दुकानदार शंभर वर्षांच्या शपथा घेतो, पण वस्तू कोणाची, कुठली आणि किती सालची हे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तुझ्या सासूबाईंच्या घरी ते भांड्याच्या काठावर लिहिलेलं असेल. म्हणून तिथे गेलीस की प्रत्येक भांडं उजेडात तिरकं धरून काठ आणि बूड बघ. जिथे नाव दिसेल ते भांडं मोडीच्या ढिगातून वेगळं काढ. ते चिंच-मिठानं खसाखसा घासू नकोस. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं ठिपके आधीच पुसट झालेले असतात.

माळा, माजघर आणि न्हाणीघर नीट धुंडाळ, कारण चांगल्या वस्तू ओटीवर नसतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आण, सगळ्यात आधी त्याच आण. वर तपकिरी, खाली पांढऱ्या, असल्या बरण्या अजूनही मिळतात, पण जुन्यांचं झाकण वर्षानुवर्षं त्याच तोंडावर बसून बसून असं सरावलेलं असतं, की हवा आत जात नाही. बोटाच्या पेरानं बरणी वाजव. खणखणीत वाजली तर अखंड, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. चिरेच्या बरणीत लोणचं घालू नकोस, लाकडी उलथनी-कालथे ठेव. पितळेचे कडीचे डबे, समई, अडकित्ता, जेवायचे पाट आण. कापडी आरामखुर्ची असेल तर ती डोळे मिटून आण. तिची चौकट बहुधा सागाची असते आणि कापड विरलं असलं तर कुठलाही शिंपी जाड कॅनव्हासचा नवा पट्टा दोन शिलाया मारून देतो. जातं आणि पाटा-वरवंटा मात्र वापरायची खरंच तयारी असेल तरच उचल. नुसता कोपऱ्यात ठेवायला दगड तिसऱ्या मजल्यावर नेण्यात अर्थ नाही.

आणि कागद. कोकणातल्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात फडक्यात बांधलेली दप्तरं सापडतात. मोडी लिपीतली पत्रं, जमिनीचे कागद, हाताने लिहिलेल्या पोथ्या. ते वाचता येत नाहीत म्हणून पहिली रद्दी त्यांचीच होते. तसं होऊ देऊ नकोस. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१७ साली सुरू झालेली भांडारकर संस्था आहे. असे कागद आणि पोथ्या जपणं हेच त्यांचं काम. फडकं सोडायच्या आधी फोटो काढ, पानांचा क्रम मोडू नकोस आणि त्यांच्याशी बोल.

आता तुझ्या यादीबद्दल.

गेली पस्तीस वर्षं मी जुन्या वस्तू घेते आहे, वापरते आहे, दुरुस्त करून घेते आहे. त्यातून माझ्यापुरता एक नियम ठरला आहे: ज्या वस्तूचा कारागीर मला माहीत आहे तीच वस्तू घरात आणायची. वस्तू किती जुनी, किती दुर्मीळ, खोलीत कशी दिसेल, हे सगळं त्यानंतर. जुनी वस्तू आणल्यावर वर्षा-दोन वर्षांत कधीतरी ती कुणाच्या तरी हाताखाली जातेच. भांड्याला कल्हईवाला लागतो, खुर्चीला वेत विणणारा लागतो, घड्याळाला घड्याळजी लागतो, लाकडाला लाख-स्पिरिटचं पॉलिश करणारा लागतो. हा माणूस तुझ्या पंचक्रोशीत असेल तर वस्तू चालती-बोलती राहते. तो नसेल तर सहा महिन्यांनी तीच वस्तू बाल्कनीत जाते, दोन पावसाळ्यांनी खाली वॉचमनकडे जाते आणि तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खरं ठरतं. म्हणून खरेदीला निघण्याआधी डोंबिवली-कल्याणात फिरून हे चार-पाच कारागीर शोधून ठेव. त्यांचे फोन नंबर फोनमध्ये आले, की तुझी यादी आपोआप निम्मी होईल.

पितळेपासून सुरुवात कर, कारण ते तुझ्याकडे फुकट येणार आहे. ज्या पितळी भांड्यात शिजवायचं किंवा आंबट ठेवायचं, त्याला आतून कल्हई हवीच. नाहीतर ताक, आमटी, चिंचेचं काहीही त्यात कळकतं आणि पोटाला बाधतं. कल्हई होताना मुलीला घेऊन उभी राहा. कल्हईवाला भांडं तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि त्याचा उग्र वास नाकात जातो. मग तो कथलाची कांडी तापल्या भांड्याला लावतो आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर फिरवतो. काळपट पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. फक्त रिकामं भांडं गॅसवर विसरू नकोस. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, कल्हईचे गोळे होऊन बसतात. आणि ज्या भांड्याच्या तळाला करड्या रंगाचं जुनं झाळण, म्हणजे धातू वितळवून दिलेला डाग, दिसेल ते स्वयंपाकाला घेऊ नकोस, त्या झाळणात शिसं असू शकतं. त्यात माती भरून मोगरा लाव.

बाजारातलं पितळ घेताना पर्समध्ये छोटं लोहचुंबक ठेव. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. चिकटलं नाही तरी ते जुनं आहे असं नाही. मुरादाबादेत आणि आणखी कितीतरी ठिकाणी नवं पितळ घडतं आणि काही विक्रेते तेच आम्लानं काळं करून जुनं म्हणून विकतात. हे ओळखायची खूण सोपी आहे आणि ती पितळ, लाकूड, काहीही असो, सगळीकडे चालते. झीज कुठे आहे ते बघ. माणसाचा हात जिथे रोज लागतो तिथे वस्तू झिजते आणि चकाकते, जिथे हात पोचत नाही तिथे काळवंडते. जुन्या कळशीचा गळा आणि काठ गुळगुळीत असतो, बुडाजवळच्या कंगोऱ्यात काळं साचलेलं असतं. कृत्रिम जुनी कळशी सगळीकडे सारखीच काळी असते, जणू तिला कधी कुणी उचललंच नाही.

तुझी कोरीव पेटीही याच डोळ्यानं तपास. पहिल्यांदा झाकण उघड आणि आत डोकं घाल. जुन्या पेटीचं लाकूड आतून कोरडं, करडं-तपकिरी असतं, कापराचा किंवा डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो. बाहेर गडद काळसर आणि आतल्या कडेला ताजं पिवळं लाकूड दिसलं तर ती परवाच्या सुताराची आहे. किल्लीच्या भोकाभोवती बघ. पन्नास वर्षं कुणी अंधारात चाचपडत किल्ली लावली असेल तर तिथे बारीक ओरखड्यांचा गोल पडलेला असतो. बिजागरीचे स्क्रू बघ, जुन्या स्क्रूच्या माथ्यावर एकच आडवी खाच असते, अधिक चिन्हासारखी नसते. पाठीमागे प्लायवुड असेल तर पेटी खाली ठेव आणि पुढच्या दुकानात जा. नवी पेटी घेणं काही पाप नाही, फक्त तिचे पैसे नव्या पेटीचे दे.

डोळा लवकर तयार व्हायला हवा असेल तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खा दिवस काढ. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं ते उभं केलं. वीस हजारांवर वस्तू जमवल्या, आणि त्यांत मोठा भाग रोजच्या घरातल्या वस्तूंचा. अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, वाड्यांची दारं. खरी झीज कशी असते ते तिथे काचेपलीकडून दिसतं. त्याच फेरीत कसबा पेठेतल्या तांबट आळीतही जा. तांब्यावर हातोडीचे ठोके घालून मठारकाम करणारी घरं तिथे पेशव्यांच्या काळापासून आहेत. ठोक्यांच्या ओळी बोटानं चाचपून बघ, एकही ठोका दुसऱ्यासारखा नसतो. तिथून नवीन घडवलेला तांब्याचा घडा घेतलास, तरी बाजारातल्या खोट्या जुन्या घड्यापेक्षा मला तो शंभरपट आवडेल.

ग्रामोफोन घेऊ नकोस. साडेसात हजारांत चकचकीत पितळी भोंगा, आठ कोनांची पेटी आणि त्यावर कुत्र्याचं चित्र, हे असले ग्रामोफोन आजही जुळवून विकले जातात. भोंगा नव्या पत्र्याचा, पेटी नवी, आतलं यंत्र कुठल्यातरी मोडक्यातून काढलेलं. आपल्याकडे बऱ्याच घरांत होता तो उचलून नेण्याजोगा पेटीचा ग्रामोफोन, भोंगा आतच दडवलेला. तो खरा मिळाला तरी त्याच्यावर वाजतात त्या लाखेच्या तबकड्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. दर बाजूला नवी सुई लावावी लागते. त्याच्यावर नंतरच्या प्लॅस्टिकच्या एलपी ठेवल्यास तर त्याचं जड डोकं त्या खरवडून काढतं. ज्यांच्या घरी आजोबांच्या तबकड्यांची पेटी आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, जिवापाड सांभाळावा. तुझ्या पत्रात तबकड्यांचा उल्लेख नाही. नुसता भोंगा बघायला साडेसात हजार नकोत.

बंबाचं मला वाईट वाटतं, कारण मला बंब फार आवडतो. पहाटे बंबफोड आणि नारळाच्या शेंड्या घालून पेटवलेला बंब, त्या पाण्याला येणारा धुराचा वास, ज्यानं अनुभवला त्याला ते कधी सुटत नाही. पण तुमच्या सोसायटीत तो पेटवता येणार नाही. हल्ली लोक त्याला भोक पाडून आत दिवा बसवतात. ते करू नकोस. चांगलं तांबं एकदा भोसकलं की कुठल्याही तांबटाला ते पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही. सासूबाईंच्या न्हाणीघरात बंब असेल तर जरूर आण, धुऊन-पुसून दाराशी ठेव, छत्र्या ठेवायला वापर. बाजारातून विकत घेऊ नकोस.

रविवर्म्याची लक्ष्मी. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्या देवदेवतांची चित्रं घरोघर पोचली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागद पुन्हा पुन्हा त्याच जागी अचूक बसवून छापायचा. म्हणून अस्सल छापील प्रतीवर भिंग धरलंस तर लहान-मोठे, वेडेवाकडे ठिपके दिसतात, कारण ते हातानं काढलेले असतात. आजच्या छपाईत ठिपक्यांची सरळ, सारख्या अंतराची जाळी दिसते. भिंग शंभर-दोनशे रुपयांना मिळतं, ते घेऊनच जा. काही जुन्या चित्रांना घरच्या बायकांनी जर आणि टिकल्या लावून साडी नेसवलेली असते. तसं एखादं परवडणाऱ्या किमतीत मिळालं तर मी मागेपुढे पाहणार नाही. पण फ्रेमच्या पाठीमागचा पुठ्ठा काढून बघू देत नसेल तर त्या दुकानातून बाहेर पड. चित्र घरी आणलंस तर पश्चिमेच्या उन्हापासून आणि कसरीपासून जप.

वेताच्या खुर्च्या घे. तुझ्या यादीतली हीच वस्तू मला सगळ्यात पटली. हलक्या असतात, डोंबिवलीच्या उकाड्यात पाठीला वारा लागतो, जाळी फाटली तर नव्यानं विणून मिळते. आपल्याकडे कितीतरी अंध कारागीर हे काम करतात आणि त्यांच्या बोटांचं काम बघत राहावं असं असतं. घेताना खुर्ची उलटी कर. पाय हलतात का, सांध्यांत खिळे ठोकलेत का, ते बघ. मग मोबाईलचा टॉर्च लावून जाळीच्या कडेच्या खाचेत बघ. काळे बारीक ठिपके दिसले तर तिथे ढेकूण आहेत किंवा होते, ती खुर्ची स्वस्तात मिळाली तरी नको. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत अशा खुर्च्या पुष्कळ असतात, तिथेच सागाची कपाटं आणि लिहायची टेबलंही मिळतात. चोरबाजाराला पुन्हा जायचं झालं तर शुक्रवार टाळ, मटण स्ट्रीटवरची दुकानं त्या दिवशी बंद असतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.

झोपाळ्याला तुमच्या दिवाणखान्यात जागा आहे का, ते आधी जमिनीवर खडूनं आखून बघ. पाट पुढे-मागे झुलायला दोन्हीकडे निदान तीन-तीन फूट लागतात. शिवाय झुलत्या झोपाळ्याचा भार नुसत्या बसलेल्या माणसांपेक्षा बराच जास्त पडतो. स्लॅबला भोक पाडून हूक अडकवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव आणि सोसायटीची परवानगी घे. जुन्या पितळी कड्या घेतल्यास तर एक-एक कडी हातात घे आणि दुसरीशी घासते त्या जागी बघ. तिथे पितळ झिजून निम्मं झालेलं असतं आणि लांबून ते कळत नाही. चार वर्षांची मुलगी त्यावर उभी राहून झोके घेणार आहे.

मुलीमुळेच आणखी दोन गोष्टी लिहिते. जुना ऑइलपेंट मारलेली वस्तू, पाळणा असो, खिडकी असो की कपाट, सोलत असेल तर घरात आणू नकोस आणि कोरडा पॉलिशपेपर तर त्यावर मुळीच मारू नकोस. घरगुती रंगांत शिसं नव्वद पीपीएमच्या (दहा लाख भागांत नव्वद भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलाच्या पोटात जाऊ नये. दुसरं, भुंगा. लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर भोकांचा रंग बघ. आतून काळवंडलेली भोकं जुनी असतात. कडा तीक्ष्ण आणि आत लाकूड ताजं, खाली पिठासारखी भुकटी, म्हणजे भुंगा जिवंत आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी एक शिसवी खुर्ची घाईनं घरी आणली. दुकानदारानं भोकं मेणानं बुजवून वर पॉलिश मारलं होतं. पावसाळ्यात खुर्चीखाली भुकटीची रांगोळी पडली आणि दिवाळीपर्यंत भुंगा माझ्या पुस्तकांच्या फळीत पोचला. तेव्हापासून लाकडाची कुठलीही वस्तू पहिला महिनाभर बाल्कनीत एकटी राहते, खाली काळा कागद अंथरून. कागद स्वच्छ राहिला तरच आत.

काही वस्तू कितीही सुंदर दिसल्या तरी घेऊ नकोस. हस्तिदंताची पेटी, सांबरशिंगाच्या मुठीची काठी, यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. दगडी किंवा धातूच्या जुन्या मूर्ती घेऊ नकोस, त्या कुठल्यातरी गावच्या देवळातून निघालेल्या असू शकतात. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती पुरावशेष ठरतात, त्यांची नोंदणी लागते, देशाबाहेर नेता येत नाहीत. हाताने लिहिलेल्या पोथ्यांना हीच मर्यादा ७५ वर्षांची आहे. आणि कायद्याचा संबंध नसला तरी चांदीचे टाक मी कधी घेत नाही. ते कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले कुलदैवत असतात.

पैशाचं सांगते. सत्तरातले वीस हजार दुरुस्तीला आणि वाहतुकीला आधीच वेगळे काढ. संगमेश्वरहून टेम्पो, कल्हई, पॉलिश, खुर्चीचं विणकाम, यांत ते सहज जातात. उरलेल्यातून दोन वेताच्या खुर्च्या आणि एकच मोठी लाकडी वस्तू, कपाट नाहीतर लिहायचं टेबल. निघण्याआधी लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि घराचं दार टेपनं मोजून मापं लिहून ने. बाकीचे पैसे राहू देत. वर्षभर घरात राहिल्यावर कुठला कोपरा काय मागतो ते कळतं.

नवऱ्याला भंगार नको आहे, ते त्याचं चुकीचं नाही. बंद पडलेली वस्तू बघून त्याला तसं वाटत असेल. त्याच्यासाठी एखादं लंबकाचं घड्याळ शोध, चालू असलेलं. भिंतीला टांगायला लाव, पाच मिनिटं जवळ उभी राहा आणि ऐक. टिक आणि टॉक यांत सारखं अंतर असेल तर यंत्र धड आहे, लंगडत असेल तर घड्याळजीशिवाय घेऊ नकोस. अशा घड्याळाला बहुधा दोन भोकं असतात, एक चालण्याचं, दुसरं टोल्यांचं, आणि आठवड्यातून एकदा दोन्हींना किल्ली द्यायची. ती किल्ली त्याच्या हातात दे आणि मुलीला स्टुलावर उभी कर.

आता सासूबाई. तू लोभी वाटशील ही भीती मनातून काढ. भांडी मोडीत घाला असं म्हणणाऱ्या बाईच्या मनात बहुतेक वेळा असतं की आता हे कुणाला नकोच आहे, सुनेच्या प्लायवुडच्या घरात याला कोण विचारतं. माझी आईसुद्धा मोडवाला आला त्या दिवशी अशीच मोठ्यानं बोलत होती, ‘काढा, सगळं काढा.’ दुपारी ती जेवली नाही. त्यांना ‘मला हे द्या’ असं म्हणू नकोस. त्यांना सोबत घेऊन जा. दिवा स्टेशनहून सावंतवाडीची गाडी सुटते, ती संगमेश्वरला थांबते. मुलीलाही ने. घर उघडलंत की सगळी भांडी ओटीवर मांडा, तू एक-एक उचल आणि विचार, ‘आई, हे कोणाच्या लग्नातलं?’ त्या सांगतील तसं वहीत लिहून घे, भांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांध. जे भांडं सांगताना त्या थांबतील, ते तू मागितलंस तर त्या नाही म्हणणार नाहीत. एखादं त्या स्वतःसाठी ठेवून घेतील, ते ठेवू दे. चुलत-आते सगळ्यांना फोन करून विचारून घे, म्हणजे पुढे बोल यायला नको.

आणि बरण्या आणताना झाकणं काढून वेगळी बांध, जुन्या लुगड्यात गुंडाळून. बरणीच्या आत आणि झाकणाच्या आत एकच खूण कर, खडूनं. एकीचं झाकण दुसरीला बसत नाही.

– तुझी मावशी